जे.जे. स्कूल ऑफ आर्टचा इतिहास: नागपूरच्या पालकांचे आणि पोरांचे नेहमीचे प्रश्न

इंटरमीजिएटचा निकाल लागला की नागपुरातल्या ड्रॉइंगच्या सरांना आणि मॅडमना दरवर्षी तेच प्रश्न येतात. ए ग्रेड आली, आता पुढे काय? जे.जे.ला पाठवायचं की अहमदाबादच्या डिझाइनच्या शाळेत, एनआयडीला? मुंबईत असं काय ठेवलं आहे? यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं जे.जे.च्या इतिहासात सापडतात. ही शाळा चित्रकारांसाठी की कारागिरांसाठी, म्हणजे आजच्या भाषेत आर्ट की डिझाइन, हा वाद तिथे पहिल्यापासून आहे आणि अजून मिटलेला नाही. खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत. फी, जागा, कट-ऑफ इथे सापडणार नाहीत, ते त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावं.

जे.जे. सुरू कधी झालं? देशातलं सगळ्यात जुनं कला महाविद्यालय तेच ना?

२ मार्च १८५७ ला, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या चित्रकलेच्या वर्गापासून सुरुवात झाली. पुढच्या दोन-सव्वादोन महिन्यांत मेरठला उठाव झाला, हे लक्षात घेतलं की काळ डोळ्यासमोर येतो. स्वतःची पक्की इमारत मिळायला १८७८ उजाडलं.

सगळ्यात जुनं मात्र नाही. मद्रासची कलाशाळा १८५० ची, कलकत्त्याची १८५४ ची. मुंबईचा नंबर त्यानंतरचा. लाहोरची मेयो स्कूल १८७५ ला निघाली, तीच पुढे पाकिस्तानचं नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स झाली. व्हॉट्सॲपवर 'आशियातलं पहिलं' वगैरे फिरत असतं, ते सोडून द्या.

नावातले जे.जे. म्हणजे कोण?

सर जमशेटजी जीजीभाय (१७८३–१८५९). मुंबईचे पारशी व्यापारी. चीनशी कापूस आणि अफू यांचा व्यापार करून गडगंज झाले आणि मग दोन्ही हातांनी वाटलंही. जे.जे. रुग्णालयाच्या नावातले जे.जे. हेच. कलाशाळेसाठी १८५३ मध्ये त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. शाळा सुरू झाली त्याच वर्षी ते बॅरोनेट झाले, म्हणजे इंग्रजांचा वंशपरंपरेने चालणारा किताब मिळाला, हिंदुस्थानी माणसांत पहिलाच. अफूच्या पैशाचा मुद्दा हल्ली वारंवार निघतो. तो खराच आहे, पण त्या काळच्या मुंबईतल्या बऱ्याच दानधर्माचा हिशेब असाच निघेल.

इंग्रजांना इथे चित्रकलेची शाळा काढायची गरज काय होती?

चित्रकलेची शाळा काढायचीच नव्हती. काढायची होती ती हुन्नराची शाळा.

१८५१ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. इंग्लंडच्या कारखान्यांत तयार झालेला माल एका बाजूला आणि हिंदुस्थानातली मलमल, शाली, कोरीव लाकूडकाम, धातुकाम दुसऱ्या बाजूला. तिथल्या जाणकारांच्या लक्षात आलं की यंत्रावर माल भरपूर निघतो, पण नक्षी कशी, कुठे आणि किती असावी याची समज या परक्या विणकरांना आणि तांबटांना जास्त आहे. हे हुन्नर टिकवायला हवेत, सुधारायला हवेत, असा विचार पुढे आला आणि त्या वाऱ्यावरच जमशेटजींची देणगी आली.

आता यातली गंमत पाहा. हिंदी नक्षीकामाचं कौतुक करायचं आणि ते 'सुधारायला' शाळेत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या सरकारी कलाशाळेचा अभ्यासक्रम लावायचा. म्हणजे ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून दिवसच्या दिवस पेन्सिलीने छायाप्रकाश घोटायचा. ज्याचा बाप पैठणी विणतो त्याला अपोलोचं नाक काढायला लावून पैठणी कशी सुधारणार, हे कोणी विचारलं नाही.

हे वारं नागपूरपर्यंतही आलं होतं. आपला अजब बंगला, म्हणजे इथलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चा. १८६५ च्या डिसेंबरात चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत नागपूरला मध्य प्रांताच्या कला, कारागिरी आणि शेतमालाचं मोठं प्रदर्शन भरलं. १८६७ ला रेल्वे नागपुरात पोचली. आणि १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. एकीकडे कारागिरीचं प्रदर्शन, दुसरीकडे त्याच कारागिराच्या मागाच्या मुळावर येणारी गिरणी, आणि दोन्ही बारा वर्षांच्या आत, एकाच गावात. मुंबईत जे.जे.चं पहिलं पाव शतक याच ओढाताणीत गेलं.

मग कारागिरांची मुलं तिथे शिकली का?

फारशी नाही. या सगळ्या इतिहासातलं कळीचं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

नागपूरकराला हे समजायला मुंबईला जायची गरज नाही. गणपतीच्या आधी महालातल्या चितारओळीत एक चक्कर टाका. बांबू आणि तणसाचा सांगाडा, त्यावर मातीचा थर, मग हात, सोंड, दागिने, सगळ्यात शेवटी डोळे. डोळे घरातला जाणता माणूस काढतो. बाजूला दहा-बारा वर्षांचा पोरगा माती मळत नाही तर उंदराला रंग देत बसलेला असतो. कोणी त्याला 'आज प्रमाणबद्धता शिकू' म्हणत नाही. हाताखाली काम करता करता तो शिकतो आणि त्याच्या कामाचे पैसे त्याच सीझनमध्ये घरात येतात.

१८६० च्या आसपास मुंबईतल्या सोनाराला, सुताराला, तांबटाला सांगितलं गेलं की पोरगा चार वर्षं शाळेत पाठवा, तो चित्र काढायला शिकेल. त्याने का पाठवावं? हुन्नर घरीच शिकायला मिळतो, कमाई बुडते ती वेगळीच, आणि बाहेर पडल्यावर पोरगा बैठकीवर बसेल की नाही याची खात्री नाही. त्यामुळे शाळेत आली ती पांढरपेशा घरातली मुलं. त्यांना सोनारकाम करायचं नव्हतं. त्यांना ड्रॉइंग मास्तर व्हायचं होतं, बांधकाम खात्यात नकाशे काढायची सरकारी नोकरी हवी होती, आणि ज्यांच्या हातात खरोखर जादू होती त्यांना साहेबासारखी तैलचित्रं काढायची होती.

सरकारच्या हे लक्षात येत होतं. १८६५ ला इंग्लंडहून तीन माणसं आणून तीन कार्यशाळा उघडल्या: जॉन ग्रिफिथ्स सजावटीच्या चित्रणासाठी, लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्पासाठी आणि हिगिन्स घडीव लोखंडी नक्षीकामासाठी. पुढे १८९१ ला लॉर्ड रे यांच्या नावाने वेगळे आर्ट वर्कशॉप्स काढले, तिथे धातुकाम, लाकूडकोरीव वगैरे हुन्नर शिकवले जात. पण एकाच आवारात 'चित्रकलेचे विद्यार्थी' आणि 'वर्कशॉपचे विद्यार्थी' अशा दोन पंगती बसल्या त्या बसल्याच. वरच्या पंगतीत कोण, हे सांगायला नको.

लेखक रुडयार्ड किपलिंग जे.जे.च्या बंगल्यात जन्मले हे खरं का?

वर उल्लेख आलेल्या लॉकवुड किपलिंग यांचा तो मुलगा. जन्म ३० डिसेंबर १८६५, जे.जे.च्या आवारातच. पण आज जो डीनचा बंगला दाखवतात तो नंतर बांधलेला आहे. लॉकवुड १८७५ ला लाहोरच्या मेयो स्कूलचे प्रमुख म्हणून गेले. बस, एवढंच. जे.जे.बद्दल बोलताना लोक याच गोष्टीवर का थांबतात, कोण जाणे.

त्या काळातल्या विद्यार्थ्यांचं काम आज कुठे बघायला मिळतं?

विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला उतरता त्या स्थानकावरच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभं राहिलं, वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. प्रवेशाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, तसंच घुमटावरची स्त्रीमूर्ती ही थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची कामं आहेत. पण खांबांच्या माथ्यावरची पानंफुलं, त्यातून डोकावणारे पक्षी-प्राणी, भिंतीवरची बारीक नक्षी यावर ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी हात चालवला. आपण ब्यागा सांभाळत टॅक्सी शोधत असतो, म्हणून वर बघणं होत नाही. पुढच्या खेपेला जुन्या तिकीटघरात पाच मिनिटं थांबून खांबांची डोकी एकेक करून बघा. इमारत गॉथिक, पण पानं आपल्याकडची आहेत. जे.जे. ज्या कामासाठी काढलं होतं ते काम नेमकं कसं दिसायला हवं होतं, याचा हा सगळ्यात चांगला नमुना, असं माझं मत.

तिथून चालत दहा मिनिटांवर क्रॉफर्ड मार्केट. १८६९ ची इमारत, दर्शनी भागातली उठावशिल्पं लॉकवुड किपलिंग यांची: शेतकरी, ओझी वाहणारी माणसं, धान्य. मार्केटच्या जवळच जे.जे. आहे, वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत गेलात तर विद्यार्थ्यांचं कामही बघता येतं.

तिसरं काम अजिंठ्याचं. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांनी जे.जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या सुमारे तीनशे प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बमनजी हे त्यातले मोठं नाव. जंगलात मुक्काम, लेण्यात अंधार, वटवाघळं, आणि समोर दीड हजार वर्षांपूर्वीचा रंग. प्लास्टरच्या अपोलोवर वाढलेल्या पोरांना आपल्या मुलखात रेषा काय ताकदीची होती हे तिथे पहिल्यांदा कळलं असणार. प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या शंभरावर जळाल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. एक गोष्ट मात्र सांगायला हवी: चित्रं नीट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांनी मूळ भिंतींवर व्हार्निश लावलं. त्याने मूळ चित्रांचं नुकसान झालं, ते निस्तरताना पुढच्या लोकांच्या नाकी नऊ आले.

जे.जे.तून निघालेले सुरुवातीचे मराठी कलावंत कोण?

तीन नावं पुरेत. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरचे. १८९० ला विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१ पर्यंत तिथेच राहिले, शेवटी संचालकपदापर्यंत पोचलेले पहिले भारतीय. तैलचित्रं काढलीच, पण पोस्टकार्डं, पुस्तकांची चित्रं, जाहिराती यांनाही त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच, १८९६ च्या सुमाराला, 'मंदिरपथगामिनी' हा पूजेला निघालेल्या तरुणीचा पुतळा केला. नऊवारीच्या चुण्या प्लास्टरमध्ये अशा उतरल्या आहेत की तो पुतळा बघून लोक थक्क झाले. आणि तिसरे दादासाहेब फाळके. १८८५ ला जे.जे.त चित्रकला शिकून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्र, फोटो, छपाई, नेपथ्य असं सगळं करून मग सिनेमाकडे वळले. आर्ट की डिझाइन या प्रश्नाला त्यांनी उत्तर द्यायचीच तसदी घेतली नाही.

'बॉम्बे स्कूल' म्हणतात ते काय?

यथार्थ चित्रणाची मुंबईची शैली. मानवाकृती, व्यक्तिचित्र, जलरंगातलं निसर्गचित्र. कलकत्त्यात अवनींद्रनाथ टागोरांच्या मंडळींनी पाश्चात्त्य पद्धत टाकून देशी शैली शोधली, मुंबईने मॉडेल समोर बसवणं सोडलं नाही. १९१९ ला आलेले ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी लाइफ क्लास (जिवंत मॉडेल समोर बसवून चित्र काढायचा वर्ग) आणि भित्तिचित्रण दोन्ही रुजवलं. नव्या दिल्लीच्या सेक्रेटरिएटमधल्या भित्तिचित्रांच्या कामावरही जे.जे.ची पोरं गेली होती. दोन्ही शहरांतल्या कलाप्रेमींनी यावरून एकमेकांवर भरपूर शाई उडवली.

नागपूरचा आणि जे.जे.चा काही संबंध?

आहे, आणि आपणच तो पुरेसा सांगत नाही.

सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगल खात्यात. तेव्हा मंडला मध्य प्रांतात आणि प्रांताची राजधानी नागपूर. चित्र शिकायचं तर पोरगा नागपूरलाच येणार. १९३९ ते १९४३ ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग मुंबईला गेले. मुंबईत पोट भरायला एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरची नोकरी धरली. १९४३ ते १९४७ जे.जे., १९५० ला पॅरिस. पुढे त्यांच्या चित्रांतला 'बिंदू' जगभर गेला. त्या बिंदूचं मूळ ते प्राथमिक शाळेतल्या गुरुजींकडे नेत. मन एका जागी राहत नाही म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं होतं. २०१६ ला गेले, मंडल्यातच वडिलांशेजारी दफन झालं.

हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, जन्म १९१७. हेही नागपूर स्कूल ऑफ आर्टचे. १९४७ ला मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला तेव्हा सहा जण होते: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. भारतीय आधुनिक चित्रकलेचा विषय निघाला की या सहांशिवाय पान हलत नाही आणि त्यातले दोघे नागपुरात शिकलेले. आणखी एक: सूझांना १९४२ च्या चळवळीतल्या सहभागावरून जे.जे.ने काढून टाकलं होतं, तर हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. ज्या गटाचं नाव आज जे.जे.च्या वैभवात धरलं जातं, त्याचं जे.जे.शी नातं असं अर्धंमुर्धं होतं.

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, नागपूरचा. कुटुंब मूळ गोव्याचं, शिक्षण जे.जे.त, पदविका १९४८ ची. २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. नागपूरचा हक्क जन्मापुरताच, तो ताणू नये. पण आपल्याकडे चौकाचौकात कोणाकोणाचे बोर्ड लागतात, या माणसाचा एक तरी लागायला हरकत नव्हती.

आणि अकोल्याचे अंबादास. पूर्ण नाव अंबादास खोब्रागडे, जन्म १९२२. जे.जे.त शिकले, अमूर्त चित्रं काढत राहिले, पुढे नॉर्वेला स्थायिक झाले, २०१२ ला तिथेच गेले. मधल्या काळात ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. ते का महत्त्वाचं, ते पुढे येईल.

कमर्शियल आर्ट जे.जे.त कधी आलं?

१९३५ ला विभाग म्हणून. गिरण्या, सिनेमा, औषधं, साबण या सगळ्यांना जाहिराती आणि लेबलं हवी होती, बाजार उभा होता. १९५८ ला वाटण्या झाल्या: स्कूल ऑफ आर्ट वेगळं, इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट वेगळं, कॉलेज ऑफ आर्किटेक्चर वेगळं. आवार तेच, चुली तीन. कारभाराच्या दृष्टीने सोयीचं झालं असेल. पण ज्या शाळेचं पहिलं मोठं काम इमारत, शिल्प आणि नक्षी यांच्या संगमावर उभं राहिलं, तिथे आता इमारतवाला आणि चित्रवाला एकमेकांच्या वर्गात पाऊल टाकेनासे झाले.

मग एनआयडी काय प्रकार आहे? जे.जे.सारखंच ना ते?

नाही, घराणंच वेगळं. स्वातंत्र्यानंतर सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याला बोलावलं. त्यांनी देशभर फिरून १९५८ ला 'इंडिया रिपोर्ट' दिला. त्यात खुर्च्या-टेबलांच्या गप्पा नव्हत्या. त्यांनी पानंच्या पानं न लिहिता एक वस्तू उचलली: लोटा. त्यात पाणी किती मावतं, भरलेला असताना हाताला किती जड लागतो, कमरेवर नेला तर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, गरम दूध ओतलं तर धरता येतो का, किंमत काय, मोडीत काय येतील. हे सगळे प्रश्न कोणा एका माणसाने बसून सोडवले नाहीत, पिढ्यान् पिढ्यांनी सोडवत आणले. आता कारखान्यांचा देश होताना इतका वेळ मिळणार नाही, तेव्हा हे प्रश्न जाणूनबुजून विचारणारी माणसं तयार करा, असं त्यांचं म्हणणं. १८५१ च्या साहेबाने नक्षी पाहिली होती, या दोघांनी वापर पाहिला. फरक एवढाच, पण फार मोठा.

त्यातून १९६१ ला अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन निघालं. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी ते उभं केलं. प्लास्टरचे साचे नाहीत, थेट सुतारशाळा, छपाई, माग, कॅमेरा. स्टेट बँकेचं किल्लीच्या भोकासारखं निळं चिन्ह आणि दूरदर्शनचं फिरत येऊन जुळणारं चिन्ह, दोन्ही एनआयडीतून आलेली. २०१४ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. नंतरच्या एनआयडींपैकी नागपूरकराला सगळ्यात जवळची भोपाळची.

आणि दोन घराण्यांत सोयरीक नाही असंही नाही. सुधाकर नाडकर्णी जे.जे.त शिकले, तिथून जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत, परत येऊन एनआयडी, आणि १९६९ ला आयआयटी मुंबईत त्यांनी इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर उभं केलं. तिथेच शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा देवनागरी फाँट घडवला. सरकारी कचेरीत मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाने तो वापरलेला आहे. रुपयाचं चिन्ह २०१० ला आलं, तेही याच सेंटरमधल्या उदय कुमार यांचं.

"सर, ते सगळं ठीक, पण पोट्टी चित्रं काढून खाईन काय?"

हा प्रश्न जे.जे.च्या पहिल्या बॅचच्या बापांनीही विचारलेला असणार, म्हणून त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इतिहासाचं उत्तर असं की बहुतेकांनी दोन्ही केलं. स्वातंत्र्यानंतर हातमागाला नवी नक्षी मिळावी म्हणून विणकर सेवा केंद्रं निघाली. पुपुल जयकरांच्या पुढाकाराने तिथे चित्रकारांना नेमलं गेलं. अंबादास तिथे होते. प्रभाकर बरवे तर १९६१ पासून वीस वर्षं त्या नोकरीत होते. दिवसा साडीच्या काठाचे डिझाइन, रात्री स्वतःचं चित्र. बरव्यांच्या चित्रांतली सपाट रंगक्षेत्रं आणि एकट्या पडलेल्या वस्तू बघताना मागावरच्या आलेखाची आठवण येते, निदान मला तरी येते.

हे काम विदर्भात संपलेलं नाही. भंडारा जिल्ह्यातली करवत काठी साडी घ्या. अंग टसरचं म्हणजे कोशाचं, काठ वेगळ्या रंगाचा. काठाचा बाणा (आडवा धागा) आणि अंगाचा बाणा वेगळ्या धोट्यांनी फिरतो आणि जोडावर एकमेकांत अडकतो, त्यातून करवतीच्या दातांची ओळ उभी राहते. या साडीला भौगोलिक मानांकन आहे. कमी आहे ती अशा माणसाची, ज्याला माग कळतो आणि आजची गिऱ्हाईकही कळते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूचंही तेच. एनआयडीच्या एम. पी. रंजन यांनी ईशान्येतल्या बांबूकामाचा गावोगाव फिरून अभ्यास केला. आपल्याकडच्या बुरुडकामावर तसं बसून काम करणारा कोणी निघाला तर त्याला काम शोधत फिरावं लागणार नाही.

पगाराचा आकडा मी सांगणार नाही. जो क्लासवाला पॅकेजचा आकडा भिंतीवर लावतो त्याच्यापासून सांभाळून राहा.

जे.जे. आता विद्यापीठ झालं म्हणतात, ते काय?

१९८१ पासून जे.जे. मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. २०२३ ला त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, नाव सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, आर्किटेक्चर अँड डिझाइन. १९५८ ला फुटलेल्या चुली कागदावर तरी पुन्हा एका नावाखाली आल्या, आणि 'डिझाइन' हा शब्द पाटीवर यायला १६६ वर्षं लागली. अभ्यासक्रम स्वतः ठरवता येईल हा फायदा, फी आणि स्वायत्ततेचं गणित कसं बसतं ही काळजी.

मुंबईला पाठवणं झेपत नाही. नागपुरात शिकलं तर चालेल?

चालेल की. राज्यात सरकारी कला महाविद्यालयं मोजकी, त्यातलं एक नागपुरातलं शासकीय चित्रकला महाविद्यालय. बाकी दोन ठिकाणं मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर. नागपूरला काही बाबतींत कमी आहे हे खरं: मोठ्या गॅलऱ्या नाहीत, जाहिरात कंपन्या नाहीत. पण खोलीभाड्याचे जे पैसे वाचतात त्यात वर्षातून दोनदा मुंबईची प्रदर्शनं बघून येणं होतं. अजब बंगल्यातली शिल्पं तर समोर बसून काढता येतात, फक्त पहारेकऱ्याला आधी विचारा.

मुलगा दहावीत आहे. आत्ता काय करावं?

एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिल्या असतील तर उत्तम, दहावीला वाढीव गुण मिळतात. पण ग्रेडवरून पुढचं ठरवू नका. त्या परीक्षांचा साचा अजूनही बराचसा स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती या जुन्या चाकोरीतला आहे आणि एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळंच काही विचारते. पदवीसाठी दोन्हीकडे बारावी लागते, तेव्हा 'चित्रकलेलाच जायचं तर बारावी कशाला' हे डोक्यातून काढा. शाखा कोणतीही चालते. खिशात मावेल अशी वही घेऊन द्या आणि बर्डीच्या बाजारात, बसस्टँडवर, लग्नात माणसं काढू द्या. गुगलवरचे फोटो बघून काढलेली शंभर चित्रं मुलाखतीत एका नजरेत ओळखू येतात.